वऱ्हाडातील गोठ्याची घरे

आज ज्या विषयावर चार शब्द सांगण्याचे मी योजिले आहे, तो ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या, अशी आपली समजूत असते. आणि जन्मभर शाळेत मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्यामुळे त्या समजुतीच्या दोषात माझाही वाटा आहे. तथापि ज्या छपराखाली माणूस निजतो, धान्य साठवितो आणि गुरे बांधितो, त्या छपरालाही इतिहास असतो. आणि तो सनावळीपेक्षा आपल्या अधिक जवळचा असतो. आमच्या वाशीम जिल्ह्यातील खेड्यांत गुरांच्या गोठ्यांची आणि कोठारांची राहती घरे कशी होत गेली, ती कोणत्या कारणांनी झाली, आणि तसे होताना काय हाती लागले व काय हातचे गेले, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. मी स्वतः अशाच एका घरात वाढलो; यास्तव या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

प्रथम शब्दांकडे वळू. गोठा हा शब्द संस्कृत ‘गोष्ठ’ या शब्दापासून आला. गोष्ठ म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. त्या जागी माणसेही जमत व बोलत; म्हणून त्या जमण्याला आणि बोलण्याला ‘गोष्ठी’ म्हणू लागले, आणि आपण मुलांना जी गोष्ट सांगतो तिचे नाव तेथूनच आले. दुसरा शब्द ‘कोष्ठ’. त्याचा अर्थ आतली बंद खोली, धान्याची खोली. त्यापासून कोठा, कोठी व कोठार हे शब्द निघाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे; त्याचे काम राजाच्या धान्यकोठारावर देखरेख ठेवण्याचे. आता मौज अशी की, आमच्या वऱ्हाडी बोलीत पुष्कळ ठिकाणी गुरांच्या गोठ्यालाच ‘कोठा’ म्हणतात. पंडिताला हा घोटाळा वाटेल. मला तो घोटाळा वाटत नाही. कारण आमच्याकडे गुरे, दाणे आणि माणसे यांच्यात पक्की भिंत कधी नव्हतीच. शब्द एकमेकांत मिसळले, कारण वस्तूच एकमेकींत मिसळलेल्या होत्या.

विलायतेत याहून निराळी स्थिती होती. तिकडे पाऊस बारमाही, आणि कापणीच्या दिवसांतही त्याचा भरवसा नाही. म्हणून तेथील शेतकऱ्याला संपूर्ण पीक छपराखाली आणावे लागे व मळणीही छपराखालीच करावी लागे. त्यासाठी त्यांनी देवळाच्या सभामंडपाएवढी लाकडी कोठारे बांधिली. त्यांना समोरासमोर दोन मोठी दारे ठेवीत. ती उघडली की मधून वारा वाहे व त्या वाऱ्यावर दाणे उफणीत. मळणीची यंत्रे आल्यावर ही कोठारे ओस पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी लोकांनी ती विकत घेऊन त्यांची घरे केली; आणि पुढे २०१४ साली इंग्लंडच्या सरकारने शेतीच्या इमारतीचे घर करण्यासाठी ठराविक मर्यादेत परवानगीची वाट बरीच सोपी करून दिली.

आमच्या देशी आकाश हेच कोठाराचे छप्पर होते. मृगात पेरणी व्हावी, चार महिने पाऊस पडावा आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत सुगी यावी, असा येथील ऋतूंचा क्रम आहे. गावाबाहेर जमीन चोपून, शेणाने सारवून खळे करीत. मधोमध तिवडा रोवीत, त्याभोवती बैलांची पात फिरे, आणि वावडीवर उभे राहून सुपाने धान्य उफणीत. या सर्व कामाला भिंतीची गरज नव्हती. छप्पर हवे होते ते तीन गोष्टींसाठी: गुरांसाठी, कडब्यासाठी आणि बी-बियाण्यासाठी. म्हणून आमचा गोठा लांबट, बुटका आणि खणाखणांचा. विलायती कोठारासारखा भव्य नाही. धान्याची सोय राहत्या घरातच असे. दोन भिंतींमधल्या पोकळीत बळद असे. वरून दाणे ओतावयाचे व खालच्या भोकातून काढावयाचे. तुराट्यांच्या किंवा बांबूच्या कणग्या माजघरात असत. म्हणजे गोठ्याचे घर होण्यापूर्वी आमच्या घराचे कोठार झालेलेच होते.

येथे काळी आणि पांढरी यांचा भेद सांगितला पाहिजे. कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी, हा आपल्याकडील फार जुना भेद आहे. तो केवळ रंगाचा नव्हे. कापसाची काळी माती पाऊस पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाची भिंत उभारली की ती दोनचार वर्षांतच तडकते. म्हणून पूर्वजांनी गावठाण निवडले ते मुरमाड उंचवट्यावर. तेथे पिढ्यान्‌पिढ्या घरे पडत, त्यांवर नवी उठत, राख आणि शेण मिसळत जाई आणि जमीन पांढुरकी होई. याच पांढरीत जमिनीखाली पेवे खणीत. पेव म्हणजे तोंडाशी अरुंद व पोटात रुंद असा खड्डा. आत गवताचा किंवा कडब्याचा थर देऊन त्यात ज्वारी भरीत व तोंड मातीने लिंपून टाकीत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणारा माणूस कोंडलेल्या वायूने गुदमरून मरे. म्हणून आधी पेव बराच वेळ उघडे ठेवीत, आत दिवा सोडून पाहत, आणि दिवा तेवत राहिला तरच माणसाला खाली सोडीत. हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता; पण गावातील प्रत्येक पोराला तो पाठ असे.

पेवे एवढी का लागत? केवळ दुष्काळासाठी नव्हे. अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल चाले. त्यास दोअमली म्हणत. दोन धन्यांची कुळे असलेल्या शेतकऱ्याला आपले दाणे जमिनीच्या वर ठेवणे परवडत नसे. १८०३ सालच्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडावरील हक्क गेला, परंतु शांतता आली नाही. १८१७–१८ मध्ये पेंढाऱ्यांचा मोड होईपर्यंत लुटीची भीती राहिलीच. ज्यांची ऐपत होती त्यांनी मातीच्या जाड तटांच्या गढ्या बांधिल्या. बाकीच्यांनी गुरे घरात घेतली. बैल हे कुणब्याचे चालतेबोलते भांडवल. ते रात्री माणसांच्या पायथ्याशी बांधलेले असावेत, मधल्या दाराची कडी आतून असावी, अशी घराची रचना त्या काळाने केली. गोठा आणि घर यांचा एकच उंबरठा असे, याचे मूळ दारिद्र्यात आहे असे आपण समजतो. त्याचे निम्मे मूळ तरी भीतीत आहे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविला. त्यानंतर वाशीम काही काळ स्वतंत्र जिल्हा होता. तो १९०५ साली मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यास जोडला, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. परंतु गोठ्याच्या इतिहासाला वळण दिले ते या फेरफारांनी नव्हे, तर कापसाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस जाईना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोल्यावरून नागपुरास पोहोचला. पुढे, १९१० नंतरच्या काही वर्षांत, मूर्तिजापुराहून कारंजावरून यवतमाळपर्यंत अडीच फूट रुंदीचा लहान रूळमार्ग झाला. किलिक निक्सन या कंपनीने तो कापसाच्या वाहतुकीसाठी बांधिला. पुढे लोक त्या गाडीला प्रेमाने शकुंतला म्हणू लागले. आता तीही बंद पडली आहे.

रेल्वे आली तरी शेतातून ठेसनापर्यंत कापूस बैलगाडीनेच जावयाचा. म्हणून ज्या युगाला आपण आगगाडीचे युग म्हणतो, ते आमच्याकडे बैलांच्या भरभराटीचे युग ठरले. कापूस वाढला तशा गाड्या वाढल्या, गाड्या वाढल्या तशा जोड्या वाढल्या आणि जोड्यांसाठी गोठे वाढले. हाती रोकड आली, बाजारात धान्य मिळू लागले, लुटीचे भय ओसरले. तेव्हा पेवे हळूहळू बुजली आणि गोठा घराच्या पोटातून बाहेर पडला. वाड्याच्या शेजारी पाच-सात खणांचा, सागवानी खांबांचा, कवेलूंच्या छपराचा स्वतंत्र गोठा असणे ही प्रतिष्ठेची खूण झाली. सोयरीक जुळविताना मुलीचे बाप आधी गोठा पाहून येत, असे आमच्या वडील माणसांच्या तोंडून मी ऐकले आहे. कारण माजघर लपविता येते, गोठा लपविता येत नाही.

अशा रीतीने जो गोठा वेगळा झाला, त्याचे पुढे घर झाले ते वाटणीमुळे. जमीन वाटता येते, भांडी वाटता येतात, दागिने वाटता येतात. घर मात्र वाटता वाटत नाही. चार भाऊ वेगळे निघाले की एकाला पुढचा सोपा, एकाला माजघर, एकाला परसाची जागा आणि उरलेल्याला गोठा, असा न्याय पंच करीत. गोठा वाट्याला येणारा बहुधा सर्वांत धाकटा असे. तो आपली बैलजोडी एका टोकाला सरकवी, मध्ये तुराट्यांचा कूड घालून तो शेणामातीने लिंपी, गव्हाणीच्या जागी चूल मांडी आणि संसाराला लागे. पुढे पैसा आला तर कुडाची भिंत होई. गावोगावी आज जी लांबट, बुटक्या दारांची, एका ओळीत खण असलेली घरे दिसतात, त्यांतील कित्येक मूळची गोठे आहेत. त्यांच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर गुळगुळीत झालेला दगड किंवा खुंटा दिसला, तर समजावे की येथे दावण होती.

आमच्या घरी १९६७ साली वाटणी झाली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मंगरूळपीर तालुक्यातील आमचे गाव लहान. वाडाही फार मोठा नव्हता. वाडा थोरल्या काकांकडे गेला आणि माझ्या वडिलांच्या वाट्याला सात खणांचा गोठा आला. त्यांपैकी पाच खणांत गुरे असत, सहाव्यात कडबा, आणि शेवटच्या, उताराकडच्या खणात आमचा सालदार आपली बायको आणि एक मुलगा यांसह राहत असे. सालदार म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वर्षाच्या बोलीने राहिलेला शेतगडी. तो रात्री गुरांजवळ निजे. बैल सुटला, गाय व्याली, साप निघाला, की उठावयाचे ते त्याने. आम्ही त्याला घरचाच माणूस म्हणत असू. परंतु घरचा माणूस घरात राहत नव्हता, गोठ्यात राहत होता. आणि ही गोष्ट तेव्हा आम्हां कोणालाही खटकली नाही.

वाटणीनंतर आम्हांला जागा हवी होती. वडिलांनी पाडव्यापर्यंत थांबावयाचे कबूल केले होते; पण पाहुणे आले, आईची प्रकृती बरी नव्हती, आणि पौषातच सालदाराला खण मोकळा करावा लागला. त्याने नाल्याच्या काठी पऱ्हाट्यांची झोपडी घातली. मुलगा माझ्याच वर्गात होता. पुढल्या वर्षी तो शाळेत आला नाही. दुसऱ्या एका घरची गुरे राखू लागला. मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, आणि शिक्षणाचे महत्त्व यावर वर्षातून दोनदा भाषण करू लागलो.

वडिलांनी गोठ्याचे घर मोठ्या काळजीने केले. गुरांच्या पाचही खणांतील जमीन त्यांनी हात-दीड हात खणून काढिली, ती माती शेतात खत म्हणून नेऊन टाकिली, आणि नवा मुरूम भरून तो चोपून घेतला. कडब्याच्या खणातही तसेच केले. फक्त शेवटचा खण त्यांनी खणला नाही. तेथे माणसेच राहत होती. तो स्वच्छच आहे, असा त्यांचा हिशेब. तो खण माझ्या अभ्यासाला आणि निजायला मिळाला. आणि त्याच खणाची पश्चिमेकडची भिंत पहिल्या पावसाळ्यापासून ओल धरू लागली. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरे पीठ येई, गिलावा पोपडे होऊन गळे. दर दिवाळीला आम्ही ती लिंपीत असू आणि दर श्रावणात ती पुन्हा रडे. पुढे नोकरी लागल्यावर मी मोठ्या ऐटीने तिला सिमेंटचा गिलावा केला. दोनच वर्षांत तो गिलावा खापरासारखा सुटून पडला आणि ओल हातभर वर चढली.

श्रोतेहो, यात भुताटकी नाही. याला भिंतीस लोणा लागणे म्हणतात. गुरांच्या मुतातील द्रव्यापासून जमिनीत सोऱ्यासारखे क्षार तयार होतात. ते हवेतील आणि जमिनीतील ओल ओढून घेतात, ओलीबरोबर भिंतीत चढतात, आणि भिंत सुकू लागली की तिच्या तोंडाशी येऊन त्यांचे खडे बनतात. ते खडे गिलाव्याला आतून फोडितात. पूर्वी अशाच मातीतून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढीत. मग ती मातीच्या भिंतीला सुखाने राहू देईल कशी? सिमेंटने रोग बरा होत नाही, उलट वाढतो. कारण ओलीला बाहेर पडावयास वाट राहत नाही व ती वरवर चढत जाते. उपाय एकच: रोगट माती खणून काढावयाची, भिंत उघडी ठेवून दोन उन्हाळे वाळू द्यावयाची, आणि मग चुन्याचा किंवा मातीचा, श्वास घेणारा गिलावा द्यावयाचा.

हा उपाय मला फार उशिरा कळला, आणि तो कसा कळला हे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. सेवानिवृत्तीनंतर त्या भिंतीचा निकाल लावण्याचे मी मनावर घेतले. गवंडी म्हणे, पाया खचला. मुलगा म्हणे, सगळे पाडून स्लॅब टाकू. एवढ्यात त्या जुन्या सालदाराचा मुलगा, माझा एका वर्षाचा वर्गबंधू, सहज दारावरून जात होता. तोही आता म्हातारा झाला आहे. मी त्याला हाक मारून आत बोलाविले. पन्नासहून अधिक वर्षांनी तो त्या खणात पाऊल टाकीत होता. त्याने भिंतीकडे पाहिले, बुडाशी बोट दाखविले आणि म्हणाला, “इथं मुताचा खड्डा होता, गुरुजी. पाची खनाची नाली इथंच येत होती. आमी तिथंच तं झोपत होतो.”

गोठ्याचा उतार त्या खणाकडे होता. नाली तिकडे जात होती. सर्व गुरांचे मूत जेथे मुरे, त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला त्या कुटुंबाचे अंथरूण असे. वडिलांनी गुरांच्या खणांतील जमीन खणली व माणसांचा खण स्वच्छ म्हणून सोडला. पण सर्वांत दूषित जमीन माणसांच्याच खणाखाली होती. हे आम्हांस ठाऊक नव्हते, कारण आम्ही तेथे कधी निजलो नव्हतो. ज्याला ठाऊक होते, त्याला विचारण्याचे आमच्या मनात पन्नास वर्षे आले नाही. त्याने दाखविलेल्या जागी खणले तेव्हा तीन हातांपर्यंत काळीभोर, उग्र वासाची माती निघाली. ती काढिली, दोन उन्हाळे भिंत उघडी ठेविली, चुन्याचा गिलावा केला. भिंत आता कोरडी आहे.

वाटणीमुळे होणारी ही पहिली पालट झाली. दुसरी पालट माझ्या नोकरीच्या काळात, डोळ्यांदेखत झाली. आणि ती अधिक मोठी आहे. १९९० च्या सुमारापासून आमच्याकडे सोयाबीन पसरले. ते लवकर येते, रोख पैसा देते; शेतकऱ्याने ते घेतले यात त्याचा दोष नाही. पण त्याने ज्वारीची जागा घेतली. आणि ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडब्यावाचून बैल पोसणे परवडेना. मळणीयंत्र आल्याने खळ्यातील पात संपली, ट्रॅक्टर आल्याने नांगराची जोडी संपली. पोळ्याच्या दिवशी पूर्वी जेथे बैलांची रांग वेशीबाहेर जाई, तेथे आता कित्येक घरी मातीच्या बैलांचीच पूजा होते. एकेका गोठ्यातील दावण अशी सुटत गेली. गोठा रिकामा झाला, कुटुंब वाढलेले, गावठाणात जागा नाही. मग गोठ्याचे घर होणे ओघानेच आले. पूर्वी माणूस गोठ्यात शिरे तेव्हा बैल सरकून जागा देत; आता बैल आधीच निघून गेलेले असतात, एवढाच फरक.

जे बंधू आज असे घर करीत आहेत, त्यांना अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. गोठा पांढरीत असेल तर जमिनीची काळजी घ्या; काळीत, म्हणजे शेतात असेल, तर पायाची. शेतातील गोठ्याचे खांब तळखड्यांवर नुसते उभे असतात. माती फुगली तरी लाकूड थोडे कलते व सावरते. त्याच खांबांमध्ये विटांची भिंत घातली की ती मात्र तडकते. म्हणून मुरूम लागेपर्यंत पाया खणल्यावाचून काळीत भिंत घालू नये. छपराविषयीही विचार करावा. कवेलू काढून टिनपत्रे घालणे स्वस्त पडते, परंतु वैशाखात त्याखाली बसवत नाही. गोठ्यावरच्या माळ्यात कडबा भरलेला असे, तेव्हा तोच उन्हाला अडवी. कडबा काढून घेतला की ऊन सरळ डोक्यावर येते. पत्र्याखाली लाकडी पाटण किंवा निदान बांबूचा तट्ट्या घालून मध्ये हवेला जागा ठेवावी. उलटपक्षी, गारव्यासाठी मातीचे जाडजूड धाबेही घालू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसे गेली. त्यांतील बहुतेक मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील धाब्याचा बोजा अंगावर कोसळून गेली. जुन्या गोठ्याचे लाकडी खांब जमिनीचा हादरा सोसतात. त्यांवर नसता भार चढविणे शहाणपणाचे नाही.

कायद्याचाही एक विचार मनोरंजक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्यात शेतावरील इमारतीची व्याख्या दिली आहे. अवजारे, खत व वैरण ठेवण्याची जागा, पीक साठविण्याची जागा, गुरांचा निवारा आणि शेतकऱ्याच्या कुटुंबातील माणसांची, नोकरांची किंवा कुळांची राहण्याची जागा, हे सर्व त्या एकाच व्याख्येत येते. म्हणजे आमच्या बोलीने कोठा आणि गोठा एक केले, तसेच कायद्यानेही शेताच्या छपराखाली दाणे, गुरे आणि माणसे एकत्र बसविली. मात्र त्या व्याख्येत ‘नोकर’ हा शब्द आहे, तो मी आता पूर्वीपेक्षा अधिक लक्ष देऊन वाचतो. गोठ्याचे घर करणे ही नवी युक्ती आहे असे आपण बोलतो. पण आम्ही त्यात राहावयास जाण्यापूर्वी पुष्कळ वर्षे ते कोणाचे तरी घर होतेच. आमच्या नजरेला ते घर दिसत नव्हते, इतकेच.

विलायतेतील कोठाराचे घर करणारा मनुष्य जुन्या तुळया जपतो, त्यांना तेल पाजतो, आणि पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो. आमच्या लोकांना मात्र गोठ्यात राहण्याची लाज वाटते. म्हणून हाती पैसा येताच ते सागवानी खांब विकून टाकितात आणि स्लॅब घालितात. कोणाला पक्के घर नको असे मी म्हणणार नाही. नाल्याकाठच्या झोपडीचे सरकारी घरकुल झाले, ते पाहून मला जो आनंद झाला तो खरा होता. माझे मागणे एवढेच की, पाडण्यापूर्वी त्या वास्तूला काय ठाऊक आहे ते विचारून घ्यावे. कोठे नाली होती, कोठे पेव होते, कोठे दावण होती, कोण कोठे निजत होते, हे सांगणारी माणसे अजून आहेत. पेव कोठे होते हे न विचारता त्यावर भिंत घातली तर भिंत खचेल. आणि कोण कोठे निजत होते हे न विचारता इतिहास लिहिला तर तोही पक्का होणार नाही.

माझ्या मुलाने स्लॅबचा विचार तूर्त सोडला आहे. शेवटच्या खणातील भिंतीत दावणीचा एक जुना खुंटा मी राहू दिला आहे. गेल्या पोळ्याला माझा वर्गबंधू आपल्या नातवाला घेऊन आला होता. त्या मुलाने खुंट्याला हात लावून विचारले, हे कशासाठी? आम्ही दोघे म्हातारे तेथेच सतरंजीवर बसलो आणि त्याला सांगू लागलो. तेव्हा माझ्या मनात आले की, गोष्ट हा शब्द गोठ्यातून आला, असे मी चाळीस वर्षे मुलांना शिकवीत आलो. पण गोठ्यात बसून, ज्याचे ते घर होते त्याच्या तोंडून, ती गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यानेच ऐकली.